रिकाम्या हातांचा अहवाल

स्पॅनिश लोकांनी अमेरिका खंडात केलेल्या मोहिमांचा विषय निघाला म्हणजे दोन नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात : मेक्सिको जिंकणारा एर्नान कोर्तेस आणि पेरूचे राज्य बुडविणारा फ्रान्सिस्को पिझारो. दोघांच्याही कथा अखेर सोन्यापाशी येऊन थांबतात, आणि जगाने त्या कथा आवडीने वाचल्या यात नवल नाही. आज आम्ही ज्या ग्रंथाविषयी लिहीत आहोत त्याच्या कर्त्याला मात्र सोने मिळाले नाही, राज्य मिळाले नाही, आणि परत येताना अंगावर वस्त्रही राहिले नव्हते. त्याचे नाव आल्वार नून्येझ काबेझा दे वाका. त्याचा वृत्तान्त १५४२ साली स्पेनमधील झामोरा येथे प्रथम छापला गेला. पुढे तो 'नाउफ्राहिओस', म्हणजे 'गलबते फुटण्याचे प्रसंग', या नावाने प्रसिद्धी पावला. आम्हांस स्पॅनिश येत नाही. आमचा परिचय इंग्रजी भाषांतरापुरता आहे, हे प्रारंभीच कबूल करतो.

आमच्या येथील वाचनवर्गात या ग्रंथावर आम्ही थोडेसे बोललो, तेव्हा हिशेबाच्या कामात केस पांढरे केलेल्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, "अहो, हा तर सरकारी अहवाल आहे. अहवाल आपण दिवसभर लिहितोच. संध्याकाळी तोच साहित्य म्हणून वाचावयाचा काय?" आक्षेप विनोदाने घेतलेला असला तरी उत्तर देण्याजोगा आहे, कारण ग्रंथ अहवाल आहे ही गोष्ट खरी आहे. पंचम चार्ल्स बादशहास उद्देशून तो लिहिला आहे, आणि प्रस्तावनेत लेखकाने आपली अडचण सरळ सांगितली आहे : दुर्दैवाने आपल्या हातून दुसरी सेवा घडली नाही, ज्या प्रदेशातून आपण नग्न बाहेर पडलो तेथून आणण्याजोगे एवढेच होते, तेव्हा हाच वृत्तान्त सेवा म्हणून मान्य व्हावा. असा अहवाल साहित्य केव्हा होतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मोहीम पान्फिलो दे नार्वाएझ या सरदाराची. १७ जून १५२७ रोजी पाच गलबते आणि सुमारे सहाशे माणसे घेऊन ती स्पेनच्या किनाऱ्यावरून निघाली. फ्लोरिडापासून मेक्सिकोच्या सरहद्दीपर्यंतचा मुलूख जिंकून वसवावा, असा हुकूम होता. काबेझा दे वाका या मोहिमेवर बादशहाचा खजिनदार होता. जिंकलेल्या मुलखात राजाचा जो वाटा निघेल तो वसूल करून त्याचा हिशेब ठेवावा आणि घडेल ते खरेपणाने कळवावे, हे त्याचे काम. वसूल करण्याजोगे पुढे काहीच निघाले नाही. तेव्हा खजिनदाराच्या दोन कर्तव्यांपैकी कळविण्याचे तेवढे शिल्लक राहिले. ते त्याने केले.

एप्रिल १५२८ मध्ये ही मंडळी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यास उतरली. तेथेच ग्रंथातील पहिला संस्मरणीय प्रसंग घडतो, आणि नोकरीत मुरलेल्या वाचकास तो वाचून ओळखीचे हसू आल्यावाचून राहणार नाही. गलबते सोडून तीनशे माणसांनिशी आत शिरावे असे नार्वाएझ म्हणतो. धान्य नाही, दुभाषा नाही, आपण कोठे आहोत हे तांडेलासही ठाऊक नाही. सबब सुरक्षित बंदर मिळाल्यावाचून गलबते सोडू नयेत, असे खजिनदाराचे मत पडते. ते मत तो बोलून थांबत नाही. मोहिमेबरोबर असलेल्या सरकारी लेखकास बोलावून आपला विरोध तो रीतसर नोंदवून घेतो. त्यावर नार्वाएझही त्याच लेखकाकडून आपली बाजू नोंदवून घेतो. अनोळखी खंडाच्या काठावर, उपाशी माणसांच्या घोळक्यात, दोन अधिकारी एकमेकांविरुद्ध कागद करीत उभे आहेत!

येथे टीकाकाराने सावध राहिले पाहिजे. हा वृत्तान्त लिहिला गेला तेव्हा नार्वाएझ समुद्रात नाहीसा होऊन कित्येक वर्षे लोटली होती, आणि त्याची बाजू मांडावयास कोणी उरले नव्हते. "आम्ही आधीच सांगितले होते" हे वाक्य पराभवानंतर लिहिणे सोपे असते. ग्रंथाचे आरंभीचे काही भाग हे एका उमेदवाराचे निवेदन आहे. त्याला पुढील नेमणूक हवी आहे. ही गोष्ट विसरून जे त्याला निव्वळ संत म्हणून वाचतात ते ग्रंथावर अन्याय करतात. त्याचे मोल अशासाठी की उमेदवाराच्या हातून पुढे असे काही लिहिले गेले, जे उमेदवारीच्या उपयोगाचे नव्हते.

आपालाचे नावाच्या गावी सोने आहे असे ऐकून ही मंडळी आत गेली. तेथे मका होता, सोने नव्हते. ताप, उपासमार आणि बाणांचा मारा यांनी जेरीस येऊन ती पुन्हा समुद्रकाठी आली. पण गलबतांचा पत्ता नव्हता. तेव्हा रिकिबी, आरा आणि तिरकमठ्यांचे लोखंड वितळवून खिळे व हत्यारे केली, घोड्यांच्या शेपट्यांचे व आयाळीचे दोर वळले, सदरे शिवून शिडे केली. दर तिसऱ्या दिवशी एक घोडा मारून खाल्ला जाई, आणि त्याच्या पायांची कातडी अखंड सोलून तिच्या पखाली केल्या जात. २२ सप्टेंबर १५२८ रोजी पाच होड्यांत दोनशे बेचाळीस माणसे बसून निघाली. हे सारे त्याने कसलाही आव न आणता सांगितले आहे, सामानाच्या यादीसारखे. घोड्यावर बसून राज्य जिंकावयास आलेल्या माणसांनी रिकिबींचे खिळे केले, एवढे कळल्यावर निराळ्या शोकाची आवश्यकता राहत नाही. यादी लिहिण्याची सवय येथे लेखकाच्या उपयोगी पडली आहे.

होड्यांची फाटाफूट झाली तेव्हा काबेझा दे वाकाने आपली होडी नार्वाएझच्या होडीस बांधण्यासाठी दोर मागितला आणि आता हुकूम काय असे विचारले. उत्तर मिळाले ते या अर्थाचे, की आता कोणी कोणास हुकूम देण्याची वेळ उरली नाही. ज्याने त्याने आपला जीव वाचवावा. राजाची सनद घेऊन निघालेल्या मोहिमेचा कारभार त्या उत्तराने संपला, आणि ग्रंथ खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

६ नोव्हेंबर रोजी त्याची होडी टेक्सासच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर आदळली. या बेटास त्यांनी पुढे मालादो, म्हणजे दुर्दैवाचे बेट, असे नाव दिले. बेटावरील लोकांनी मासे व कंद आणून दिले. होडी पुन्हा लोटण्याच्या प्रयत्नात ती उलटली, तिघे बुडाले, आणि उरलेले नागवे, थंडीने काकडत वाळूवर पडले. संध्याकाळी बेटावरील लोक पुन्हा अन्न घेऊन आले. त्यांनी ही अवस्था पाहिली, आणि ते या परक्यांमध्ये बसून मोठ्याने रडू लागले. अर्ध्या तासाहून अधिक वेळ ते रडत होते. ज्यांना आपण रानटी समजत होतो ते आपल्यासाठी रडत आहेत हे पाहून आपले दुःख आपल्याला अधिक कळले, असे तो लिहितो. नंतर त्या लोकांनी वाटेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटविल्या आणि या माणसांना ऊब देत देत आपल्या झोपड्यांपर्यंत नेले. त्याच हिवाळ्यात किनाऱ्यावर अडकलेल्या पाच ख्रिस्ती माणसांनी उपासमारीने एकमेकांना खाल्ले. तेथील लोकांना त्याचा भयंकर धक्का बसला. नरभक्षक म्हणून अमेरिकेतील लोकांची निंदा करण्याची त्या काळच्या युरोपात चाल होती. बादशहाच्या सेवकाने बादशहास ही उलटी नोंद कळविली आहे, आणि तिच्यावर कोणताही शेरा मारलेला नाही.

बेटावर गोळा झालेल्या सुमारे ऐंशी माणसांपैकी हिवाळा संपता पंधरा उरली. काबेझा दे वाका तेथे जवळजवळ गुलाम होऊन राहिला. पाण्याखालचे कंद उपसून त्याची बोटे इतकी सोलवटली की काडी लागली तरी रक्त येई. पुढे तो किनाऱ्यावरून शिंपले आतील प्रदेशात नेऊन त्यांच्या बदल्यात कातडी, गेरू व गारगोट्या आणू लागला. हा धंदा त्याला आवडला. कारण त्याने स्वतःच दिले आहे : हवे तिकडे जाता येई आणि कोणाची बांधिलकी नव्हती. राजाच्या खजिनदारास मोकळीक प्रथम मिळाली ती फेरीवाला झाल्यावर, हा विरोध त्याच्या लक्षात आला होता की नाही हे तो सांगत नाही. वाचकाच्या मात्र येतो.

याच भागात निवडुंगाच्या बोंडांचे वर्णन येते. दख्खनच्या माळावर शेताच्या कुंपणाला दिसणारा आपला फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, आणि त्याची लाल बोंडे ज्यांनी लहानपणी काट्यांसकट तोंडे रंगवून खाल्ली आहेत त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. बोंडांच्या हंगामात तीन महिने ते लोक दुसरे काही खात नसत. उपासाच्या दिवसांत ते या पाहुण्यांची समजूत घालीत की खिन्न होऊ नका, लवकरच बोंडे येतील. आणि त्या 'लवकर'ला अजून पाच-सहा महिने अवकाश असे. तेथील दुसऱ्या एका झाडाच्या, मेस्कीतच्या, शेंगा कुटून त्यांत माती मिसळून खात असल्याचेही तो सांगतो. त्याच जातकुळीची झाडे विलायती कीकर या नावाने दिल्लीच्या टेकाडावर दाटली आहेत. आम्ही तेथे सकाळी फिरावयास जातो आणि त्यांच्याकडे पाहतही नाही.

वैद्यकीचा प्रकार याहून चमत्कारिक. बेटावरील लोकांनी या परक्यांना वैद्य होण्याचा आग्रह धरला, आणि ते ऐकेनात तेव्हा अन्न बंद केले. परीक्षा न घेता आणि पदवी न विचारता आपल्याला वैद्य करण्यात आले, असे तो किंचित हसून लिहितो. साऱ्या ग्रंथात विनोद असा एवढाच. पुढे तो, आंद्रेस दोरांतेस, आलोन्सो देल कास्तियो आणि दोरांतेसचा गुलाम एस्तेबानिको असे चौघे १५३४ साली एकत्र निसटले आणि पश्चिमेकडे चालू लागले. क्रूसाची खूण करीत, प्रार्थना म्हणत ते रोग्यांवर उपचार करीत. एकाच्या छातीत रुतलेले बाणाचे टोक काबेझा दे वाकाने सुरीने कापून काढले आणि जखम शिवली. त्यांची कीर्ती पुढे पुढे धावू लागली, आणि त्यांच्याबरोबर शेकडो, कधी हजारो माणसे चालू लागली.

या मिरवणुकीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बरोबरचे लोक नव्या गावी पोहोचले की तेथील घरे लुटीत. आणि लुटले गेलेले लोक भरपाईसाठी पुढील गावापर्यंत बरोबर येऊन तेच करीत. लेखक हे लपवीत नाही, आणि आपल्याला याचे दुःख होई असेही म्हणतो. पण ग्रंथाच्या शेवटाकडे त्याची जी निर्लोभ मूर्ती उभी राहते तिच्यामागे ही लुटीची साखळी आहे. त्याने स्वतःसाठी काही ठेवले नाही, हे मानले तरी त्याच्या नावाने घेतले गेले हे खरेच. साहेब स्वच्छ आणि कचेरी मात्र तशी नाही, हा अनुभव आपणांस नवा नसावा.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या ग्रंथाचा प्राण त्याच्या सर्वनामात आहे. स्पॅनिशमध्ये, इंग्रजीप्रमाणेच, प्रथमपुरुषी अनेकवचनास एकच शब्द. आपल्या मराठीत दोन आहेत : 'आम्ही' आणि 'आपण'. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवावयाचे असेल तर 'आम्ही', त्याला आत घ्यावयाचे असेल तर 'आपण'. (मासिकात लिहिणारा एकटा लेखकही 'आम्ही' म्हणवून घेतो, ती निराळी चाल.) हा वृत्तान्त मराठीत आणू पाहणाऱ्यास प्रत्येक पानावर थांबून ठरवावे लागेल की येथे कोणता शब्द घालावा, आणि ठरविता ठरविता ग्रंथाचे रहस्य त्याच्या हाती येईल.

आरंभी लेखक बादशहाशी बोलतो तेव्हा तो 'आपण' ख्रिस्ती लोकांत आहे. राजा, सरदार आणि खजिनदार एकाच कुंपणाच्या आत. होड्या फुटतात तसतसा हा 'आपण' लहान होत जातो : तीनशेंचा, ऐंशींचा, पंधरांचा, अखेर चौघांचा. हे चौघे ज्यांच्याबरोबर चालतात त्यांना तो 'ते' म्हणतो, आणि शेवटपर्यंत म्हणतो. त्यांच्यासाठी तो 'आपण' कधीच वापरणार नाही. पण १५३६ साली, मेक्सिकोच्या वायव्य भागात, आठ वर्षांनी प्रथमच घोडेस्वार ख्रिस्ती भेटतात, तेव्हा काय होते ते पाहावे.

हे स्वार गुलाम पकडणारे होते. दिएगो दे आल्काराझ हा त्यांचा नायक. त्यांच्या भयाने त्या भागातील गावे ओस पडली होती, लोक डोंगरात लपून साली खाऊन राहत होते. चौघांबरोबर आलेल्या माणसांना गुलाम करावे असे आल्काराझच्या मनात आले. त्याने दुभाष्याकरवी त्या लोकांना समजाविले की हे चौघे आमच्यापैकीच आहेत, फक्त हरवलेले आणि नशिबाने हीन झालेले; मालक आम्ही आहोत. लोकांनी ते मानले नाही. त्यांचा आपसांतील युक्तिवाद लेखकाने दिला आहे, त्याचा आशय असा : हे चौघे सूर्य उगवतो तिकडून आले, ते मावळतो तिकडून, हे रोगी बरे करतात, ते धडधाकट माणसे मारतात, हे नागवे व अनवाणी, ते कपडे घालून घोड्यांवर भाले घेऊन, हे मिळेल ते वाटून टाकतात, ते दिसेल ते लुटतात. सबब हे आणि ते एक असणे शक्य नाही.

चौघांनी त्या लोकांना परत जाऊन शेते पेरावयास सांगितले. आल्काराझने चौघांना पहाऱ्यात घालून रानातल्या वाटेने रवाना केले, आणि त्यांच्या पाठीमागे, त्यांनीच निर्भय करून पाठविलेल्या लोकांवर चालून गेला. आपण त्यांच्या स्वातंत्र्याच्या खटपटीत होतो आणि ते साधले असे वाटत असतानाच उलटे घडले, अशी कबुली लेखक देतो. या पानांवर 'ख्रिस्ती' हा शब्द त्याच्या लेखणीतून परक्यासारखा उतरतो. ज्यांना तो आठ वर्षे शोधीत होता ते सापडले, आणि सापडताक्षणी त्यांच्याशी 'आपण' म्हणणे त्याला अशक्य झाले. इकडे 'ते' 'आपण' झाले नाहीत, तिकडचे 'आपण' 'ते' झाले. मधे उरला चौघांचा 'आम्ही'. कोम्पोस्तेला येथे पोहोचल्यावरही कित्येक दिवस अंगावर कपडा सोसवेना आणि जमिनीवाचून झोप येईना, असे तो सांगतो. त्याहून अधिक स्पष्टीकरण तो देत नाही, आणि देण्याची गरजही नाही.

या 'आम्ही'तही एक भेग आहे. एस्तेबानिको हा मोरोक्कोतील आझामोर येथला. गावोगावच्या लोकांशी बोलणे, वाटा विचारणे, बातमी काढणे हे काम तोच करी. कारण आपला दरारा राहावा म्हणून बाकीचे तिघे कमी बोलत, असे लेखकच सांगतो. म्हणजे या प्रवासाचा तोंडाने चाललेला सारा कारभार या गुलामाच्या जिभेवर होता. परत आल्यावर तिघांचा संयुक्त अहवाल झाला. चौथ्याची साक्ष कोणी लिहून घेतली नाही. ग्रंथाच्या अखेरीस वाचलेल्यांची नावे येतात : अमुक गावचा, अमुकाचा मुलगा. चौथ्या नावाशी वर्ण आणि गाव आहे, वडील नाहीत. नग्नावस्थेत चौघे एक होते. अंगावर कपडे येताच एक पुन्हा गुलाम झाला. १५३९ साली त्याला वाटाड्या म्हणून उत्तरेकडे पाठविण्यात आले आणि झुन्यी लोकांच्या गावी तो मारला गेला. नव्या 'आम्ही'ची परीक्षा येथेच होती, आणि लेखक तीत उतरला नाही.

अहवालाचे पुढे काय झाले? जे बहुतेक अहवालांचे होते ते. वाटेत मिळालेली तांब्याची घंटा, हिरव्या दगडाची पाच बाणाग्रे, उत्तरेकडे मोठी गावे असल्याची ऐकीव वार्ता, एवढे वरिष्ठांनी नेमके उचलले. फ्लोरिडाची सनद एर्नांदो दे सोतोला आधीच मिळाली होती. १५४० साली कोरोनादोची मोठी मोहीम उत्तरेस निघाली. या लोकांना वळवावयाचे तर सौजन्याने वळवा, दुसरा मार्ग नाही, हा लेखकाचा निष्कर्ष मात्र फाईलीतच राहिला. तो निष्कर्षही साम्राज्याच्या बाहेरचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे. राजाची सत्ता त्या लोकांवर नसावी असे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

त्याला स्वतःला १५४० साली दक्षिण अमेरिकेतील रिओ दे ला प्लाता प्रांताचा अधिकार मिळाला. तेथे जाताना इग्वासूचा धबधबा पाहून त्याची नोंद करणारा पहिला युरोपीय तोच. पण १५४४ साली तेथील वसाहतवाल्यांनी बंड करून त्याला कैद केले, बेड्या घालून स्पेनला धाडले, आणि १५५१ साली तो दोषी ठरला. १५५५ च्या आवृत्तीत पहिल्या वृत्तान्तास या दुसऱ्या कारकीर्दीची हकीकत जोडली आहे. ती त्याचा चिटणीस पेरो एर्नांदेस याने लिहिली. ती पहिल्या ग्रंथापुढे फिकी वाटते, आणि कारण उघड आहे. तेथे लेखणी चिटणिसाची आहे, नायकाजवळ हुद्दा आहे, आणि मजकूर बचावाच्या कैफियतीसारखा एका बाजूने चालतो. पहिल्या ग्रंथात हुद्दा गळून पडला होता, म्हणून माणसे दिसली.

आमच्या स्नेह्यांच्या आक्षेपाचे उत्तर येथे मिळते. अहवालाची शिस्त म्हणजे पाहिले तेवढे लिहिणे. बहुतेक अहवाल कोरडे होतात याचे कारण लिहिणारा कोणाच्या वतीने पाहत आहे हे आधीच ठरलेले असते. काबेझा दे वाकाने शिस्त ठेवली आणि ते ठरलेले उत्तर वाटेत गमावले. आपल्याकडे गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ची आठवण येथे सहज होते. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेलेले ते भिक्षुक लुटले गेले, आणि गंगेची कावड व आठवणी घेऊन वरसईस परतले. दक्षिणा मिळाली असती तर तो ग्रंथ कदाचित झालाही नसता.

वाचकहो, आपण बहुतेक बदलीची माणसे. तीन वर्षे येथे, चार वर्षे तेथे. आपल्या मंडळात गणपती बसतो, नाटक होते, दिवाळी अंक फिरतो. आणि ज्या गावचे पाणी पितो तेथील माणसांना आपण घरात सहज 'हे लोक' म्हणतो. आम्हीही म्हणतो. शेजारच्या बाईंनी आजारपणात आठ दिवस आमच्या घरी डबा पोहोचविला, तेव्हाही आम्ही गावी लिहिले ते असेच, की हे लोक तसे बरे आहेत. या ग्रंथातील वाळूवर बसून रडणारी माणसे वाचताना ते पत्र आम्हांस आठवले आणि लाज वाटली.

स्पॅनिश जाणणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाने वा भगिनीने हा वृत्तान्त मुळावरून मराठीत उतरवावा. 'आम्ही' कोठे आणि 'आपण' कोठे, हे त्यांना ओळीओळीला ठरवावे लागेल. आमचे स्नेही म्हणतात की असा अनुवाद झाला तर ते एक प्रत विकत घेतील; तोवर त्यांनी आमचे इंग्रजी पुस्तक नेले आहे, आणि दोन आठवडे झाले तरी परत केलेले नाही.